आयईएलटीएस रायटिंग टास्क वन: दोन नकाशांतील बदल कसे लिहावेत?

रातपाळी (प्रश्न)

नमस्कार. मी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका असून ब्रिटनमधील नोंदणीसाठी इंग्रजी भाषेच्या परीक्षेची, आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकची तयारी करीत आहे. तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला लेखनात ६.५ आणि उरलेल्या तिन्ही विभागांत ७ बँड (गुणश्रेणी) लागतात. आलेख आणि तक्ते मला बऱ्यापैकी जमतात, कारण तेथे आकडे हाताशी असतात; नकाशांची जोडी समोर आली की मात्र सुरुवात कोठून करावी हेच सुचत नाही.

सध्या सरावाला घेतलेल्या प्रश्नात किनाऱ्यावरच्या एका गावाचे १९९५ मधील आणि आजचे असे दोन नकाशे आहेत. गावाच्या मधून नदी वाहते आणि पश्चिमेला समुद्राला मिळते. १९९५ मध्ये उत्तर तीरावर शेती व जंगल, दक्षिण तीरावर मासळीबाजार, धक्का, शाळा आणि रस्त्याच्या दुतर्फा घरे होती, आणि दोन्ही तीरांना जोडणारा एक पादचारी पूल होता. आज शेतीच्या जागी हॉटेल व वाहनतळ आहे, जंगल निम्मे उरले आहे, मासळीबाजाराच्या जागी उपाहारगृहे आहेत, धक्का नाहीसा झाला आहे आणि पूल रुंद होऊन त्यावरून गाड्या जातात. मी एकेक वस्तू घेऊन आधी काय होते आणि आता काय आहे असे लिहीत गेले. शब्द पुरेसे झाले, पण वाचणाऱ्याला गावाचे चित्र दिसत नाही असे मैत्रिणीचे म्हणणे पडले. यात नेमके काय उणे आहे, हे कृपया सांगावे.

शिकवणी_नाशिक

आपल्या उत्तरात ओव्हरव्ह्यू, म्हणजे मुख्य बदल एक-दोन वाक्यांत सांगणारा सारांश, नसावा, असे वर्णनावरून वाटते. टास्क वनच्या, म्हणजे लेखनातील पहिल्या प्रश्नाच्या, गुणांकनाचे चार निकष सारख्याच वजनाचे असतात आणि त्यांतला पहिला निकष मुख्य मुद्दे निवडून मांडले आहेत की नाहीत हे पाहतो. परीक्षेच्या आयोजकांनी प्रसिद्ध केलेल्या बँड-वर्णनांत ७ साठी स्पष्ट ओव्हरव्ह्यूची अपेक्षा आहे, आणि तपशील यांत्रिकपणे सांगत जाणे हे ५ बँडचे लक्षण म्हणून नोंदवले आहे. आपल्याला ६.५ हवे आहेत, म्हणून येथेच सर्वांत जास्त लक्ष द्यावे.

ओव्हरव्ह्यूसाठी नकाशातील वस्तू थोडा वेळ बाजूला ठेवून, हे गाव आधी कशावर जगत होते आणि आता कशावर जगते, असा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्याच नकाशात शेती, मासळीबाजार आणि धक्का ही तिन्ही गेली, हॉटेल, वाहनतळ आणि उपाहारगृहे आली. म्हणजे मासेमारी आणि शेतीचे गाव पर्यटनाचे झाले. दुसरे निरीक्षण असे की उत्तर तीराचा कायापालट झाला आहे, तर दक्षिणेकडील घरे आणि शाळा जशीच्या तशी आहेत. ही दोन वाक्ये प्रस्तावनेच्या लगेच खाली आली की पुढचा प्रत्येक तपशील त्यांना पुरावा म्हणून उभा राहतो. जे बदलले नाही ते सांगणे बहुतेक विद्यार्थी विसरतात. वास्तविक तुलना त्यानेच पूर्ण होते.

बदल का झाले असावेत, पर्यटनाने गावाचे भले झाले की नुकसान, यांपैकी काहीही लिहू नये, कारण ते नकाशावर नाही. मासळीबाजार उठला हे पाहून मन हळहळले तरी टास्क वनमध्ये मताला जागा नाही.

भूगोलाचे_मास्तर

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी फक्त दिशांविषयी लिहितो, कारण आपल्या मुलांचे गुण तेथे हकनाक जातात. आपण "गावाच्या उत्तरेला" म्हणतो तेव्हा ती जागा गावाच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेर, हे ऐकणारा संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत जागा गावातच असेल तर "इन द नॉर्थ ऑफ द व्हिलेज" आणि गावाबाहेर असेल तर "टू द नॉर्थ ऑफ द व्हिलेज" असे लिहावे लागते. नदीकाठासाठी "ऑन द नॉर्दर्न बँक" आणि किनाऱ्यासाठी "ऑन द कोस्ट" हे प्रयोग पक्के करून ठेवावेत. उपदिशांत उत्तर किंवा दक्षिण नेहमी आधी येते, म्हणून वायव्य म्हणजे "नॉर्थ-वेस्ट". "वेस्ट-नॉर्थ" असे कधीही लिहू नये.

रातपाळी

दोघांचेही मनापासून आभार. काळाविषयी आणखी एक विचारते. मी सर्वत्र साधा भूतकाळ वापरला आहे आणि "द जेटी वॉज डिसॲपीअर्ड" असे एक वाक्य लिहिले आहे. ते चालेल का? शिवाय दुसरा नकाशा भविष्यातील आराखड्याचा असेल तर काय करावे?

शिकवणी_नाशिक

ते वाक्य चालणार नाही. "डिसॲपीअर" हे अकर्मक क्रियापद असल्याने त्याचा पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) होत नाही. "द जेटी हॅज डिसॲपीअर्ड" किंवा "द जेटी हॅज बीन रिमूव्ह्ड" असे लिहावे.

काळ ठरवण्यासाठी आधी नकाशांखालची वर्षे पाहावीत. दुसरा नकाशा आजचा असेल, जसा आपला आहे, तर बदलांसाठी प्रेझेंट परफेक्ट पॅसिव्ह योग्य ठरतो: "द फुटब्रिज हॅज बीन वाइडन्ड", "द फार्मलँड हॅज बीन रिप्लेस्ड बाय अ होटेल". १९९५ मध्ये काय होते एवढेच सांगायचे असेल तेथे साधा भूतकाळच हवा. दोन्ही वर्षे मागची असतील, उदाहरणार्थ १९९५ आणि २०१०, तर "वॉज रिप्लेस्ड" पुरेसे आहे आणि एखाद्या वाक्यात "बाय २०१०" म्हणून "हॅड बीन रिप्लेस्ड" घेता येते. आराखडा असेल तर "विल बी बिल्ट" किंवा "इज टू बी बिल्ट" लिहावे.

तपशिलांचे दोन परिच्छेद आपल्या प्रश्नात तीरांप्रमाणे करावेत: पहिला उत्तर तीराचा, दुसरा दक्षिण तीराचा, आणि पूल दोहोंना जोडतो म्हणून तो दुसऱ्याच्या आरंभी घ्यावा. १९९५ चा एक परिच्छेद आणि आजचा एक, अशी विभागणी चुकीची नसली तरी तीत तुलना वाचणाऱ्याच्या डोक्यावर पडते, म्हणून मी ती सुचवत नाही. किमान १५० शब्द लागतात. १७० च्या आसपास थांबावे आणि वेळ २० मिनिटांपुढे जाऊ देऊ नये, कारण टास्क टूचे, म्हणजे दुसऱ्या प्रश्नातील निबंधाचे, वजन दुप्पट आहे आणि त्याला ४० मिनिटे पूर्ण मिळायला हवीत. नवा मसुदा येथे टाकलात तर ओव्हरव्ह्यू आणि काळ मी आवर्जून तपासून देईन.