नगरपरिषदेच्या उद्यानाची देखभाल: निधी कोठून येतो आणि श्रमदान किती करावे?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या प्रभागातील उद्यानात खाऱ्या वाऱ्याने झोपाळ्यांच्या साखळ्या गंजल्या आहेत आणि जांभ्याच्या पायवाटेवरील शेवाळ पाऊस सरल्यावरही तसेच आहे. आम्ही काही रहिवासी श्रमदानास तयार आहोत; परंतु उद्यानासाठी पैसा नेमका कोठून येतो आणि आम्ही वर्गणी काढावी काय?

पहिले उत्तर: नवे बांधकाम बहुधा जिल्हा नियोजन समितीच्या किंवा आमदार-खासदारांच्या निधीतून होते, म्हणून कोनशिला झळकते, माळ्याचा पगार, पाणी आणि दुरुस्ती मात्र मुख्यतः मालमत्ता करासारख्या नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवावी लागते आणि खरी ओढाताण तिथेच होते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार निकषांत बसणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते आणि त्यांत पर्यावरणाचाही समावेश आहे. तेव्हा परिसरातील कारखान्याकडे प्रस्ताव देऊन पाहावा.

दुसरे उत्तर (मालवण): वर्गणीची घाई करू नये. आधी मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी परवानगी घ्यावी आणि कामांची वाटणी त्यातच नमूद करून घ्यावी. पालापाचोळ्याचे खत करणे, रोपांना पाणी घालणे, शेवाळ खरवडणे ही कामे रहिवाशांनी जरूर करावीत. साखळ्या आणि विजेचे दिवे मात्र नगरपरिषदेकडेच राहू द्यावेत, कारण एखादे मूल पडले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मग आपल्याच गळ्यात येतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. परवानगीचा अर्ज सोमवारी देत आहोत.