स्टॅनहोपिया ऑर्किड कुंडीतून तारेच्या टोपलीत हलवण्यासाठी मदत हवी आहे

गेली चार वर्षे माझ्याकडे स्टॅनहोपिया या ऑर्किडचे एक झाड आहे. फॅलेनॉप्सिस किंवा डेंड्रोबियमइतके हे ऑर्किड परिचित नसल्यामुळे आधी थोडी माहिती देतो. मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील हे ऑर्किड बहुधा झाडांच्या खोडांवर वाढते. त्याच्या प्रत्येक बल्बला (म्हणजे खोडाच्या फुगीर, गाठीसारख्या भागाला) एकच रुंद, उभ्या चुण्यांचे पान येते आणि फुलांचा दांडा वर न येता बल्बच्या बुडातून निघून माध्यमातून, म्हणजे मुळांभोवती मातीऐवजी भरलेल्या मॉस-सालीतून, वाट काढत सरळ खाली उतरतो. मेणासारखी जाड आणि तीव्र सुगंधाची ही फुले जेमतेम तीन दिवस टिकतात, तरी ती एकदा पाहावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दांडा खाली उतरतो हे मला फार उशिरा कळले. झाड प्लास्टिकच्या कुंडीत जोमाने वाढत होते, पण फुलत नव्हते, म्हणून मी कधी उजेड वाढवला, कधी खत बदलले. गेल्या आठवड्यात झाड कुंडीतून काढले, तेव्हा तळाशी काळे पडलेले दोन दांडे सापडले. त्यांतील एक तळाला टेकून आडवा वळला होता आणि तेथेच कुजला होता. झाड फुलायला तयार असताना त्याची वाट मीच अडवून ठेवली, याचे मला अतिशय वाईट वाटले.

आता ते तारेच्या टोपलीत लावायचे ठरवले आहे. काथ्याचा जाड थर दिल्यास दांडा पुन्हा अडेल, म्हणून आतून स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या शेवाळाचा) पातळ थर आणि वर सालीचे मध्यम तुकडे असा विचार आहे. एवढ्या पातळ थरातून पाणी देताना माध्यम गळून जाते का, आणि तारांमध्ये किती अंतर ठेवावे?

खरी अडचण वेळेची आहे. नवीन मुळे फुटू लागली की झाड हलवावे, कारण तुटलेल्या जुन्या मुळांवर झाडाला फार काळ तग धरता येत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या झाडाला सुमारे 2 सेंटिमीटरचा नवा कोंब आला आहे, पण त्याच्या बुडाशी अजून मुळे दिसत नाहीत. दुसरीकडे जुने मॉस कुजून चिखलासारखे झाले आहे आणि बारीक मुळांच्या जाळीत घट्ट अडकले आहे. मुळे फुटेपर्यंत थांबावे, की सैल झालेले तेवढे मॉस धुऊन गड्डा न मोडता लगेच टोपलीत बसवावा?

एकूण नऊ बल्ब असून त्यांपैकी चारांवर पाने नाहीत. विभागणी करण्याची मला घाई नाही. मात्र हे पाने नसलेले बल्ब टणक आणि हिरवे असल्याने ते ठेवलेले बरे, असे मला वाटते. हे योग्य आहे का?

टोपलीतले माध्यम कुंडीपेक्षा लवकर सुकणार आणि या ऑर्किडची पातळ पाने मुळे कोरडी पडताच टोकाकडून काळी पडतात. त्यामुळे नवा कोंब वाढत असताना पाण्याचा अंदाज आपण कसा घेता, हेही ज्यांनी स्टॅनहोपिया टोपलीत वाढवले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.