सगळंच नष्ट झालं नाही

फ्रेंच राज्यक्रांतीत तिथल्या राजांच्या राज्याभिषेकाचं सगळं साहित्य नष्ट झालं, असं एकांनी लिहिलंय. बरंचसं गेलं, पण सगळं नाही. मध्ययुगीन सम्राट शार्लमेनची म्हणून मिरवली जाणारी 'जॉयूज' तलवार पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, जरी तिचे भाग निरनिराळ्या शतकांतले असले तरी. पंधराव्या लुईचा १७२२ चा मुकुटही तिथेच, पण खडे नकली.

खरी गंमत रीम्सच्या, म्हणजे जिथे फ्रेंच राजांना अभिषेक व्हायचा त्या शहरातल्या, पवित्र तेलाच्या कुपीची. फ्रँक लोकांचा राजा क्लोविस याच्या बाप्तिस्म्याला कबुतराने ती स्वर्गातून आणली, अशी श्रद्धा होती. त्यामुळे मुकुटापेक्षा तेलाचा मान मोठा! म्हणूनच ७ ऑक्टोबर १७९३ ला क्रांतिकारक फिलिप र्‍यूलने ती कुपी भर चौकात फोडली. तरीही १८२५ मध्ये राजा दहाव्या शार्लच्या अभिषेकाला 'वाचवलेलं' तेल हजर. कुणी, कसं वाचवलं याच्या कथा सोयीच्याच वाटतात.