'जायचे'चं इंग्रजी काय, 'वेंट' की 'युज्ड टू गो'?

मांडवीकाठ: आठवीच्या भाषांतराच्या सरावपत्रिकेत वाक्य आहे, 'आजोबा दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जायचे.' उत्तरसूचीत 'युज्ड टू गो', मुलांनी लिहिलंय 'वेंट एव्हरी फ्रायडे'. तपासणाऱ्यांत दोन तट पडलेत. गुण कापायचे का?

खाजनकार: कशाला? इंग्रजी साधा भूतकाळ आपल्या 'गेले' आणि 'जायचे' या दोन्हींचं काम करतो. तिथे सवय क्रियापदात नाही, 'एव्हरी फ्रायडे'त आहे. ते दोन शब्द गाळून नुसतं 'वेंट' लिहिलं असेल तर खुशाल कापा. 'युज्ड टू'त आणखी एक सूचना असते, की आता जात नाहीत. मूळ वाक्य तेवढं ठासून सांगत नाही.

जुनेंगोंय: पोर्तुगीज शिकलेल्याला हा प्रश्नच पडणार नाही. एकदा गेला तर 'फोय', जात असे तर 'ईया'. आपल्यासारखीच दोन रूपं. इंग्रजीच दरिद्री.

रीतिभूत: दरिद्री कसली, वाटणी वेगळी आहे. कोंकणीतलं 'वता' (जातो) सवयीलाही चालतं आणि आत्ताच्या जाण्यालाही. मराठीत 'कुठे जातोस?'चं तेच. इंग्रजी तिथे दोन रूपं मागते, म्हणून वाटेत भेटलेल्याला आपली पोरं 'व्हेअर आर यू गोइंग?'ऐवजी 'व्हेअर डू यू गो?' विचारतात. आणि 'जात असे', 'जाई' या पूर्वीची सवय सांगणाऱ्या रूपांना रीतिभूतकाळ असं नेटकं नाव आहे. ते वर्गात वापरलं असतं तर हा वाद उद्भवलाच नसता.

खाजनकार: रीतिभूतबाब, नाव नेटकं आहे, पण वर्गात 'व्ही-वन, व्ही-टू' (क्रियापदाचं मूळ रूप, भूतकाळी रूप) हेच चालतं. चालू दे. खरी गोची पुढे आहे. गो, वेंट, गॉन घोकलं की पोरं 'डिड ही वेंट?' लिहितात. काळ एकदाच दाखवायचा असतो. 'डिड'ने तो उचलला की क्रियापद परत मूळ रूपात. वर्तमानातही तेच: 'डझ'ने एस घेतला की 'गोज'चं 'गो'. म्हणून 'डिडन्ट यूज टू'मध्येही शेवटचा डी लिहायचा नाही.

तिसवाडी: 'वुड गो' कसं वाटतं?

रीतिभूत: इथे चालेल, कारण जाणं ही पुन्हापुन्हा होणारी क्रिया आहे. 'इथे वड होता'ला मात्र चालणार नाही. ती स्थिती, तिथे 'युज्ड टू बी'च. आणि 'व्ही-वन' म्हणजे भाषा नव्हे, यंत्राच्या सुट्या भागाचा नंबर!

जुनेंगोंय: व्याकरणाची नावं आयात करायची गोव्याला सवयच आहे. थॉमस स्टीफन्सचं कोंकणीचं व्याकरण 1640 साली रायतूरला छापलं, तेही पोर्तुगीजमध्ये. लिहिणारा इंग्रज!

मांडवीकाठ: गुणांचं काय ते सांगा ना.

तिसवाडी: त्याआधी एक. तुम्ही सगळे 'युज्ड टू' लिहिताय. 'वापरला' या अर्थी युज्ड बरोबर, पण सवयीच्या अर्थी उच्चार 'यूस्टु' होतो.

खाजनकार: खरंय. भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी लागणाऱ्या 'ईडी'चे उच्चार एरवी तीन. क, प, स, श, च, फ यांच्यानंतर ट: वॉक्ट, वॉश्ट. स्वर आणि घोष व्यंजनांनंतर (ग, ब, न अशी, ज्यांत गळा थरथरतो) ड: प्लेड, ओपन्ड. मूळ शब्दच ट-डने संपत असेल तर इड: वाँटिड. आपल्याकडे फळ्यावर सरसकट 'वॉकेड' लिहितात आणि तेच तोंडात बसतं.

रीतिभूत: 'रीड'चं सांगा. लिहायला दोन्ही काळांत तेच, भूतकाळी उच्चार रेड.

खाजनकार: वाक्यात 'डिड', 'विल' असं काही नसेल आणि 'ही'पुढे एस नसेल तर डोळे मिटून रेड म्हणा, कारण वर्तमानात 'रीड्स' झालं असतं. 'आय'पुढे मात्र ही खूण नाही. 'यस्टरडे' किंवा 'एव्हरी डे' शोधावं लागतं.

जुनेंगोंय: आणि 'आलोच'चं काय कराल? रूप भूतकाळाचं, माणूस अजून घरातच! 'आय केम' लिहिलेलं पाहिलंय.

तिसवाडी: ते 'कमिंग'. पण मग निघताना म्हणतो ते 'येतो' पण 'कमिंग'च का?