‘रेंटाघोस्ट’ला आचरट म्हणण्यापूर्वी पहिली वर्षे पाहा

तात्पुरता_लंडनकर : बीबीसीची ‘रेंटाघोस्ट’ ही मुलांची मालिका म्हणजे नुसता आरडाओरडा आणि घोड्याचा धुडगूस, हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. १९७६ साली बॉब ब्लॉक यांची ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रस्थानी फ्रेड ममफर्ड होता. हयातभर ज्याच्या हाताला यश लागले नाही, असा हा तरुण मेल्यावर तरी काही करून दाखवावे म्हणून भुते भाड्याने देणारी कचेरी काढतो आणि आपण मेलो आहोत हे आईवडिलांना कळू नये यासाठी जिवाचा आटापिटा करतो. मुलांच्या विनोदात इतके कारुण्य आणायला हिंमत लागते. जोडीला आजच्या रीतीभातींनी हादरणारा व्हिक्टोरियन डेव्हनपोर्ट आणि मध्ययुगीन विदूषक क्लेपोल ही भुते, आणि जागेच्या भाड्यावर डोळा ठेवणारा मीकर. हे भाग न पाहताच ते विधान केले गेले असावे.

मिडलँड्सची_माई : विधान माझेच होते, आणि ते भाग मी पाहिले आहेत. माझे बालपण लेस्टरमध्ये गेले. ममफर्डच्या दुःखाबद्दल आमच्या शाळेत कोणी अवाक्षर काढत नसे. मालिकेतली भूत नादिया पोपोव्ह शिंकली की अदृश्य होते, म्हणून आम्ही मुली खोट्या शिंका काढत भिंतीआड पळत असू, आणि वेगळ्या रंगाच्या मला त्या खेळात प्रथम सामावून घेतले गेले. मालिका आचरट होती. म्हणूनच ती आमची होती.

तात्पुरता_लंडनकर : माईंची आठवण मोलाची आहे, पण तिने मुद्दा सिद्ध होत नाही. १९७९ मध्ये डेव्हनपोर्टची भूमिका करणारे मायकेल डार्बिशायर वारले, ममफर्ड झालेले अँथनी जॅक्सनही पुढे मालिकेत राहिले नाहीत. मालिकेचा कणाच गेला. उरला तो पँटोमाइम, म्हणजे नाताळात रंगणारे ब्रिटिश सोंगांचे नाटक.

सोंगाड्याप्रेमी : ‘उरला तो पँटोमाइम’ ही तुच्छता मला मान्य नाही. मालिकेतला घोडा डॉबिन, त्याच्या कातड्यात दोन माणसे आहेत, हे प्रत्येक मुलाला दिसत असते. पुढचे पाय दाराकडे निघतात, मागचे जागीच अडतात, मधले कापड ताणले जाते आणि तरीही मूल त्याला घोडाच मानते. ही ब्रिटिश रंगभूमीची जुनी कमाई आहे. मालिकेत दुकानदार पेंटिंग झालेले ख्रिस्तोफर बिगिन्स नाताळच्या पँटोमाइममध्ये वर्षानुवर्षे स्त्रीवेषात उभे राहिले, ते काय उगाच?

हिशेबी_माणूस : ही कमाई आता कोणाला परवडते? गेल्या नाताळात चौघांच्या तिकिटांना आठवड्याचा किराणा आला असता, आणि रंगमंचावर ज्याला धड चालता येत नाही असा टीव्हीवरचा चेहरा!

सोंगाड्याप्रेमी : तिकिटाचा राग कलेवर काढू नका. गावोगावच्या नाट्यगृहांचे वर्षाचे गणित याच प्रयोगांवर उभे असते. मूल पहिल्यांदा नाटक पाहते तेही येथेच, आणि पात्राच्या पाठीमागे भूत आले की ओरडून सांगायचा हक्क त्याला येथेच मिळतो. आपण एका वाईट प्रयोगावरून सगळ्यांना झोडपत आहात.

हिशेबी_माणूस : पैसे मोजले आहेत, तेव्हा बोलण्याचा हक्क मलाही आहे.

तात्पुरता_लंडनकर : कृपया मालिकेकडे वळू या. एवढे मान्य करतो, आणि नाइलाजाने करतो, की १९८४ पर्यंत मालिका तगली ती क्लेपोल झालेल्या मायकेल स्टॅनिफोर्थ यांच्यामुळे. शीर्षकगीतही त्यांनीच लिहिले आणि गायले. मात्र ममफर्डची जागा घोड्याने भरली, हे मी कदापि म्हणणार नाही.

मिडलँड्सची_माई : म्हणू नका. ममफर्डचे आईवडील मला आता, मुलगी परगावी गेल्यावर, समजतात हे खरे. पण आठव्या वर्षी मला डॉबिनच हवा होता, आणि मालिका आठ वर्षांच्या मुलांसाठी होती.