चर्चा धागा: आमच्या पोरांना सुनामी काहून शिकवता?

पऱ्हाटीवाला: पोरगं शाळेतून येऊन सांगते, समुद्र मागं हटला की उंचावर पळायचं. आर्वीहून समुद्र पाचशे किलोमीटरच्या वर! इथं माणसं मरतात वावरात वीज पडून, नाहीतर पुरात. १९९१ ला वर्धा नदीनं मोवाड धुऊन नेलं, दोनशेवर जीव गेले. ते शिकवा आधी.

कापूसकोंड्या: भाऊ, १९५८ ला अलास्कात ५२४ मीटरची लाट आली होती. तशी मुंबईवर आली तर तुमचा कापूस कोण घेईल?

भूगोलवाली बाई: मोबाईलवरचे व्हिडिओ जरा कमी पाहा. ते ५२४ मीटर लिटुया नावाच्या चिंचोळ्या खाडीतलं. भूकंपानं कडा पाण्यात कोसळला अन् पाणी समोरच्या डोंगरावर तेवढं चढलं. खुल्या समुद्रात सुनामी बुटकीच असते. २००४ ला उपग्रहानं मोजली तेव्हा साठेक सेंटिमीटर! पण चार हजार मीटर खोलीवर ती ताशी ७०० किलोमीटरनं धावते. किनाऱ्याशी वेग मंदावतो, पाणी पाण्यावर चढतं. त्याच सुनामीत इंडोनेशियातल्या आचेमध्ये ३० मीटरपर्यंत गेलं. नुसती उंची पाहून काही कळत नाही. १९९५ ला उत्तर समुद्रात वाऱ्यानं उठलेली २५.६ मीटरची लाट वायूवाहिन्यांच्या समुद्रातल्या फलाटाला किरकोळ धक्का देऊन गेली. वाऱ्याची लाट येते अन् जाते, सुनामीचं पाणी कितीतरी मिनिटं आत येतच राहतं. अन् मुंबईचं म्हणाल, तर १९४५ च्या पाकिस्तानकडल्या मकरान किनाऱ्याच्या भूकंपानंतर तिथं दोनेक मीटर पाणी चढलं होतं.
राहिलं शिकवायचं. २००४ ला थायलंडमधल्या फुकेतला दहा वर्षांच्या इंग्रज मुलीनं समुद्र पाहून धोका ओळखला, किनारा रिकामा झाला. शाळेतल्या भूगोलाच्या तासामुळं!

पऱ्हाटीवाला: बाई, ती पोरगी सुटीत समुद्रावर होती. आमची पोरं दिवाळीच्या सुटीत कापूस वेचतात.

वैनगंगाकाठ: वेचतात, अन् मोठी झाली की मुंबई गाठतात. माझा लहान भाऊ विशाखापट्टणमला आहे.

कापूसकोंड्या: तिथं इशारा द्यायला हैदराबादचं केंद्र आहे की २००७ पासून.

भूगोलवाली बाई: भूकंप जवळ झाला तर इशाऱ्याला वेळच उरत नाही. सुमात्राजवळचं सिमेलुए बेट २००४ च्या भूकंपाच्या केंद्राच्या सगळ्यात जवळ, तरी तिथं मोजकीच माणसं गेली. १९०७ च्या लाटेची गोष्ट आज्यांनी नातवंडांना सांगितलेली होती.

पऱ्हाटीवाला: मग मोवाडच्या म्हाताऱ्यांना बोलवा ना शाळेत!

भूगोलवाली बाई: बोलावते. पण तास एकच मिळतो. सुनामीतलं काय गाळू, तेवढं सांगा.