थर्मल शेडचे स्वॉच
ऊब-गारव्याप्रमाणे रंग बदलणाऱ्या या थर्मल नेलपॉलिशच्या स्वॉचमध्ये, म्हणजे नखांवर लावून दाखवलेल्या फोटोंत, टोकाला गडद निळा आणि मुळाशी बर्फासारखा पांढरा दिसतो, आपल्या नखांवर मात्र एकच रंग, म्हणून फोटो एडिट केलेले असणार, हे वरच्या पोस्टमधलं म्हणणं पटलं नाही. फरक बहुतेक नखांच्या लांबीचा आहे. थर्मल पॉलिशमधला रंग सूक्ष्म कॅप्सूलमध्ये असतो. गार असताना गडद, ऊब लागली की फिका. नखाचा बोटाला चिकटलेला भाग उबदार राहतो, पुढे वाढलेलं टोक गार पडतं. नखं आखूड असतील तर गार पडायला टोकच नाही, मग दोन रंग येणार कुठून? गार पाण्यात बोटं बुडवून बघा, सगळं नख निळं होईल.

रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी गार, कोमट आणि मधल्या अवस्थेतला असे तिन्ही फोटो द्यायला हवेत. नुसता सुंदर ग्रेडियंट, म्हणजे एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारा रंग, दाखवून काय कळणार? आणि हो, बाटली उन्हात ठेवू नका, अतिनील किरणांनी हे रंग लवकर मरतात. या पॉलिशमधली हिमकणांच्या आकाराची मोठी ग्लिटर (चमकी) ब्रशवर येतच नाही, टूथपिकने एकेक उचलून बसवावी लागते, त्यावर मात्र सगळे गप्प!